साडेसहाची पिकअप

गोकुळ खर्चे एसटीत ड्रायव्हर होता तेव्हा रोहिणखेडात त्याला कुणी गोकुळ म्हणत नसे. लहानथोर सगळे 'ड्रायव्हरसाहेब' म्हणायचे. तो माझ्या धाकट्या भावाच्या वर्गातला. अभ्यासात बेताचाच, पण ज्याला आपली सायकल देऊन निर्धास्त राहावं असा मुलगा. नेलेली सायकल पुसून परत आणून द्यायचा. एसटीत लागल्यावरही त्याचं तेच. गाडी सुटायच्या आधी पुढची काच स्वतः पुसणार, टायर हातानं थापटून बघणार आणि वेळ झाली की कुणाची वाट न बघता गाडी काढणार. सरपंच धावत आले तरी थांबला नाही, अशी एक गोष्ट गावात सांगतात. खरी की खोटी ठाऊक नाही, पण ऐकणाऱ्याला ती खरीच वाटते.

त्याच्या नोकरीचं सगळ्यात जास्त सुख त्याच्या बापाला, इंद्रभानजींना होतं. त्यांची उभी हयात भाजीपाल्यात गेली. विहिरीजवळची थोडी जमीन, तिच्यात वांगी, मेथी, मिरची. माल बांधायचा, मिळेल त्या वाहनानं राजूर घाट चढायचा आणि बुलढाण्याच्या बाजारात गोणपाटावर बसायचं. एकदा एका बाईनं त्यांची मेथीची जुडी 'शिळी आहे' म्हणून चिखलात टाकली होती. मेथी त्याच सकाळी उपटलेली होती. म्हातारा ती गोष्ट कधी विसरला नाही. "माह्या पोराले म्या त्या पोत्यावर बसू देनार नाई," असं ते म्हणत, आणि गोकुळला एसटीची ऑर्डर आली तेव्हा त्यांनी पारावर बसलेल्या प्रत्येकाला घरी नेऊन चहा पाजला. पुढं गोकुळसाठी पूनमचं स्थळ आलं तेसुद्धा नोकरीवरच. पूनमच्या वडिलांनी ना शेत पाहिलं, ना घर. "पर्मनंट आहे ना?" एवढंच विचारलं आणि सुपारी फोडली.

ती नोकरी गोकुळनं दोन-तीन वर्षांपूर्वी, दिवाळी झाल्यावर सोडली आणि पिकअप घेतली.

का सोडली, याचं उत्तर त्यानं प्रत्येकाला वेगळं दिलं. डेपोत सांगितलं, पाठ दुखते. सासुरवाडीला सांगितलं, धंद्यात बरकत आहे. मला त्यानं एकदा उसाच्या रसाच्या गाडीवर, ग्लास हातात धरून सांगितलं ते असं:

"भाऊ, वस्तीच्या गाड्या करून करून मी घरचा राह्यलोच नोतो. आज या गावात मुक्काम, उद्या त्या. एक दिवस सुट्टीवर घरी आलो, तं डिंपलनं चहा आनला. पाहुन्याच्या कपात. आमच्या घरी तीनच कप तसे आहेत, फुलाचे. पोरीच्या मनात काई नोतं, जो हाताले लागला थो आनला असन. पन माह्या घशातून थो चहा उतरे ना."

मग ग्लास खाली ठेवून म्हणाला, "आन् दुसरं म्हंजे फाट्यावरच्या बाया. अर्धं तिकीट झाल्यापासून सगळ्या भाजीवाल्या एसटीनं येत. नव्या गाड्याह्यच्या टपावर जाळी नाई. बाई मावे, चुंगडी मावे नाई. कंडक्टर तरी काय करन? गाडी काढली का आरशात दिसत, चुंगड्याजवळ उभ्या राह्यलेल्या. म्या म्हटलं, याह्यच्या चुंगड्या कोनीतरी न्याले पाहिजेन."

चुंगडी म्हणजे आमच्याकडे लहान पोतं. एवढ्याशा पोत्यापायी माणूस नोकरी सोडतो, हे मला तेव्हा पटलं नव्हतं.

घरी त्यानं सांगितलं ते संध्याकाळी, जेवताना. पूनम भाकरी टाकत होती. डिंपल, तेव्हा दहावीत होती, ती ताट घेऊन बापाच्या शेजारी. इंद्रभानजींचं जेवण होत आलं होतं.

"म्या राजीनामा देला," गोकुळ म्हणाला.

इंद्रभानजींना आधी वाटलं, कुण्या सोसायटीचा वगैरे. "कायचा?"

"एसटीचा."

"डोकं फिरलं काय बे तुहं?"

"नाई बाबा. पिकअप घेऊन राह्यलो. फंडाचे पैसे येतीन, थोडे जमवलेले आहेत."

"पिकअप!" म्हाताऱ्यानं हात धुतला. "लोकाची पोरं नोकरीसाठी पायताण झिजवतात आन् हे हातातली सोडून राह्यलं. लोकाचे पोते वाहाले!"

पूनमनं तव्यावरची भाकरी उलटली. तिला हे चार दिवस आधीच माहीत होतं आणि ती चार दिवस रागावलेलीच होती. तरी ती एवढंच म्हणाली, "मामाजी, भात घेता काय?"

इंद्रभानजींनी भात घेतला नाही. त्या दिवसापासून त्यांनी पोराशी बोलणं टाकलं. भांडण नाही, आदळआपट नाही. सांगायचं ते नातीमार्फत. गोकुळ समोर खाटेवर बसलेला असला तरी ते म्हणायचे, "डिंपल, तुह्या बापाले सांग, गाय सुटली." डिंपल म्हणायची, "पप्पा, गाय सुटली." गोकुळ उठून गाय बांधायचा.

पांढरी, एका हातातून गेलेली पिकअप दारात आली. पूनमनं तिला कुंकू लावलं, नारळ फोडला. म्हातारा त्या वेळी शेतात जाऊन बसला.

पहिले काही महिने वाईटच गेले. गोकुळला भाडं मिळवता येत नव्हतं. बाकीचे पिकअपवाले चौकात उभे राहून दहा माणसांशी बोलतात, तंबाखू चोळतात, ओळखी काढतात. गोकुळ गाडीत बसून राहायचा, बसस्टँडवर उभ्या एसटीत बसावं तसा. मिळालं ते नेलं. सोयाबीनचं कुटार, म्हणजे भुसा, नेला. एका लग्नाचं कपाट आणि गाद्या नेल्या. धामणगाव बढ्याच्या एका माणसाची म्हैस नेली. ती म्हैस चढली आरामात, पण उतरायलाच तयार होईना. दुपार झाली. शेवटी मालकाच्या बायकोनं येऊन नावानं हाक मारली तेव्हा ती उतरली. त्या दिवशी गोकुळनं भाडंही नीट मागितलं नाही.

आणि एसटीची सवय अंगातून जात नव्हती. रिकामी गाडी घेऊन जातानाही प्रत्येक थांब्यावर त्याचा पाय ब्रेकवर जायचा. कुणाला माल साडेदहाला न्यायचाय म्हणून सांगितलं, की हा साडेदहाला गाडी काढायचा. गिऱ्हाईक म्हणायचं, "थांब ना, अजून मालाचे दोन कट्टे येऊन राह्यले." गोकुळच्या कपाळावर आठ्या. दोन भाडी त्या आठ्यांपायी गेली.

एका रात्री जेवणं झाल्यावर पूनम त्याच्यासमोर बसली. तिचा राग तोवर निवळला होता, आणि निवळल्यावर तिनं विचार केला होता.

"तुमी भाडं शोधत फिरू नका," ती म्हणाली. "ते तुमाले येत नाई."

"मंग काय करू?"

"तुमाले एकच येते. वेळेवर गाडी काढनं. तं तेच करा. रोज साडेसहाले मारुतीच्या देवळापासून गाडी निघन म्हना. भरो का नाई भरो. ज्या गावचा बाजार त्या गावाले. बाकीचे पिकअपवाले गाडी भरेपर्यंत हालत नाईत, आन् तवरिक बायाह्यचा माल सुकून जाते."

"आन् कोनी नाई आलं तं?"

"तं रिकामी न्या. एसटी रिकामी नेत नोते काय?"

गोकुळ मोठ्यानं हसला. नोकरी सोडल्यापासून तो घरात असा पहिल्यांदा हसला, असं पूनम सांगते.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला तो देवळापाशी उभा राहिला. कुणी आलं नाही. गाडी निघाली. तिसऱ्या दिवशीही रिकामीच निघाली. पोरं हसू लागली. त्या आठवड्यात कधीतरी रुक्मिणीबाई आल्या.

रुक्मिणीबाई म्हणजे गावातल्या भाजीवाल्या बायांमधल्या थोरल्या. साठी उलटलेली, आवाज खणखणीत. नवरा गेल्यावर त्यांनी मेथीच्या वाफ्यांवर दोन लेकी उजवल्या. त्यांनी चुंगडी गाडीजवळ आणून ठेवली, पण तिचं तोंड काही हातातून सोडलं नाही.

"हे माल तू नेशीन, आन् मी एसटीनं येईन?"

"हाव मावशी. तुमाले अर्धं तिकीट. माल माह्यासंग."

"आन् तू दुसरीकडं कुठी गेला तं?"

"कुठी जाईन मावशी मी मेथी घेऊन?"

रुक्मिणीबाईंनी जरा विचार केला आणि चुंगडी मागं टाकून स्वतः केबिनमध्ये येऊन बसल्या. बाजार येईपर्यंत त्या दर वळणावर मागच्या काचेतून चुंगडी बघत होत्या. उतरल्यावर म्हणाल्या, "उद्यापासून एसटीनं येतो. तुह्या गाडीत हादरे लय बसतात."

त्यांच्यामागं शालूबाई आली, मिरची आणि सांबार घेऊन. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. मग आणखी बाया आल्या. प्रत्येकीच्या चुंगडीच्या तोंडाला जुन्या लुगड्याची चिंधी, हिची हिरवी, तिची जांभळी. गोकुळला चिंध्यांवरून माल ओळखू येऊ लागला. तो पुढं जाऊन प्रत्येकीच्या जागेवर तिचा माल उतरवून ठेवायचा, आणि मागून एसटीनं बाया यायच्या, हात हलवत, रिकाम्या डोक्यानं. "नवरीवानी येतो आता बाजारात," असं शालूबाई म्हणायची.

धंदा बसला. मोठा नाही, पण घर चालू लागलं. गोकुळ दुपारी घरी जेवू लागला. फक्त बापाचं बोलणं सुरू झालं नाही. हिवाळा लागला तसे इंद्रभानजी बुलढाण्याच्या लेकीकडे राहायला गेले. डोळ्यांचं ऑपरेशन करायचं होतं, ते झालं, तरी परत यायचं नाव नव्हतं. 'इथं बरं वाटते' असा निरोप आला. तो डिंपलच्या फोनवर आला.

मग जानेवारीत तो बाजाराचा दिवस आला. सकाळी चांगलं धुकं होतं. गोकुळ नेहमीच्या वेळी निघाला, घाट चढला आणि बुलढाण्याच्या बाजारात माल उतरवू लागला. रोहिणखेडच्या बाया तिथं एका ओळीनं बसतात. निम्मा माल उतरला असेल, तेवढ्यात फोन वाजला. गणेशचा होता. गणेश बायांच्या त्या एसटीचा कंडक्टर, गोकुळचा जुना जोडीदार.

"गोकुळभाऊ, कुठी आहे?"

"बाजारात. माल उतरवून राह्यलो."

"आमी घाटात अटकलो. वळनावर एक ट्रक आडवा झाला. कोनाले लागलं नाई, पन रस्ता पुरा बंद. क्रेन आल्यावर सुटू. दोन्ही बाजूनं लाइन लागली गाड्याह्यची."

मागं बायांचा कालवा ऐकू येत होता. कुणीतरी गणेशच्या हातातून फोन ओढून घेतला.

"गोकुळ!" रुक्मिणीबाई होत्या. "मेथी मोकळी कर. चुंगडीत तापते थे."

"करतो मावशी."

"आन् विक."

"मी?"

"मंग काय मी अठून विकू, घाटातून?"

"मावशी, मले भाव नाई माहीत."

"बाजूले आलूवाले किसनराव बसतात, त्याह्यले विचार. आन् पह्यलं गिऱ्हाईक वापस धाडू नको, दिवस खराब जाते."

मग फोन हातोहात फिरला. कुणी म्हणालं मोठी वांगी वर ठेव. कुणी म्हणालं भेद्रं, म्हणजे टमाटे, दाबू नको. शालूबाई म्हणाली, मिरचीवर ओलं फडकं टाक. गोकुळ फक्त "हाव, हाव" म्हणत होता. फोन बंद झाला तेव्हा थंडीतही त्याच्या मानेवर घाम आला होता.

त्यानं सगळ्यांची गोणपाटं अंथरली, चुंगड्या सोडल्या, माल मांडला. आणि मग उभा राहिला. इतकी वर्षं त्याच्या डोक्यावर 'चालकाशी बोलू नये' अशी पाटी होती, आणि आता त्याला ओरडायचं होतं. आवाज फुटेना.

"बस खाली," किसनराव म्हणाले. आलू-कांद्याच्या ढिगामागं बसलेला, कानटोपी घातलेला म्हातारा माणूस. "उभा राह्यला तं लोकाह्यले वाटते पावती फाडनारा आहे." गोकुळनं त्या दिवशीही एसटीतली जुनी खाकी पॅन्टच घातली होती.

गोकुळ बसला. एक बाई आली. "मेथी कशी दिली?"

गोकुळनं किसनरावांकडे पाहिलं. किसनरावांनी बोटं दाखवली. गोकुळनं भाव सांगितला. बाई म्हणाली, "कमी करा." गोकुळनं लगेच कमी केला. बाई आणखी कमी करा म्हणाली. त्यानं आणखी केला. किसनरावांनी कपाळाला हात लावला.

दुसऱ्यानं विचारलं, "पालक ताजी आहे का?"

"कालची आहे," गोकुळ म्हणाला. "मेथी आजची आहे."

तो माणूस हसून मेथी घेऊन गेला. हळूहळू गिऱ्हाईक वाढलं. एवढी लांब ओळ आणि विकायला एक माणूस. हा मिरची तोलतोय तोवर तिकडं वांगीवाल्या जागेवर तिघं उभे. गोकुळ इकडून तिकडं धावत होता. प्रत्येकीचे पैसे तिच्याच चिंधीत बांधत होता. मधेच त्यानं सगळ्यांना ओळीत उभं करायचा प्रयत्न केला, "एकेक जन या, मागून दाटू नका." भाजीबाजारात असं कधी कुणी ऐकलं नव्हतं. लोक खरंच थोडा वेळ ओळीत उभे राहिले, आणि मग हसत सुटले.

अशा गर्दीत समोर इंद्रभानजी येऊन उभे राहिले. लेकीनं त्यांना भाजी आणायला पिशवी देऊन पाठवलं होतं. डोळ्यांवर ऑपरेशननंतरचा काळा चष्मा. त्यांनी तो काढला, गोकुळकडे पाहिलं, गोणपाटाकडे पाहिलं. ज्या पोत्यावर पोराला बसू द्यायचं नव्हतं, त्याच पोत्यावर पोरगा बसलेला होता, मांडीवर मेथी घेऊन.

"हे काय होय?" ते म्हणाले.

वर्षाहून जास्त दिवसांत पोराला उद्देशून बोललेला त्यांचा तो पहिला शब्द. गोकुळच्या हातातली जुडी तशीच राहिली.

"बाया घाटात अटकल्या बाबा. ट्रक आडवा झाला. माल सुकून राह्यला होता..."

वळून जावं असं इंद्रभानजींच्या मनात असणार, कारण त्यांनी पिशवी काखेत मारली होती. तेवढ्यात एक गिऱ्हाईक वांगी निवडू लागलं. एकेका वांग्याला नख लावून बघत होतं आणि बाजूला टाकत होतं. गोकुळ बघतच बसला होता. पाच-सहा वांग्यांना नख लागलं आणि म्हाताऱ्याला राहवलं नाही.

"साहेब, नख नका लावू. मी देतो निवडून." ते वाकले, दोन्ही हातांनी वांगी चाळली, आणि बघता बघता किलोभर वांगी पिशवीत. "काटेरी पाहून घ्या. भरून करा, तेल जरा सढळ. नाई आवडलं तं पुढच्या बाजारी वापस आना." माणूस पैसे देऊन गेला. भाव कमी करा म्हणायचं तो विसरूनच गेला.

इंद्रभानजींनी पोराच्या खांद्याला हात लावला. "सरक."

गोकुळ सरकला. म्हातारा गोणपाटावर बसला आणि आधी मेथीवर पाण्याचा हात मारला. "अशी पसरतात काय मेथी? बुडखे आत, पाला भाईर. आन् सांबार कुठी आहे? पालक मागं घे. कालची आहे ना थे?"

"हाव. म्या लोकाह्यले सांगतलं."

"सांगतलं?" म्हाताऱ्यानं त्याच्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "बरं केलं. पन विचारल्यावर सांगाव."

आणि मग त्यांनी आवाज दिला. "ए मेथी! हिरवी मेथी, घरची मेथी! वांगे घ्या भरताचे!" इतकी वर्षं पारावर बसून दबलेला तो आवाज बाजाराच्या त्या टोकापर्यंत गेला. किसनरावांनी कानटोपी वर सारली.

"इंद्रभान? जित्ता आहे काय बे तू?"

"तू मेला नाई तं मी कायले मरू?" इंद्रभानजी हात न थांबवता म्हणाले.

बाप विकत होता, पोरगा तोलत होता. बाप ओरडत होता, पोरगा चिंध्यांत पैसे बांधत होता. बाप मधूनमधून शिव्या देत होता. वजनकाटा असा ठेवतात काय, गिऱ्हाइकाकडे पाह्य, हाताकडे पाहू नको, तुले काई येत नाई. गोकुळ सांगतो, "भाऊ, मले त्या शिव्या इतक्या गोड लागल्या! माह्याशी बोलून राह्यले होते ना थे." चहा आला तेव्हा किसनरावांनी तिघांचा मागवला. इंद्रभानजींनी बशीत ओतून, फुंकर घालून प्यायला आणि लगेच पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली. काळा चष्मा तोवर वांग्यांच्या ढिगावर पडलेला होता.

दुपार कलल्यावर एसटी आली. बाया जवळजवळ धावतच बाजारात शिरल्या. रुक्मिणीबाई सगळ्यांच्या पुढं. त्यांच्या जागेवर मेथीची काडी उरली नव्हती. त्यांनी आधी रिकामं गोणपाट बघितलं, मग त्यावर बसलेला माणूस.

"इंद्रभानभाऊ! तुमी?"

"तुह्या मेथीनं बसवलं मले."

रुक्मिणीबाईंनी चिंधी सोडली आणि पैसे दोनदा मोजले. "मी असती तं एवढे आले नसते," त्या म्हणाल्या. "तुमचा हात अजून तसाच आहे बाप्पा." मग गोकुळकडे वळून, "सकाळच्या चार-पाच जुड्या तूच विकल्या असशीन?"

"हाव मावशी."

"समजलं."

सगळ्या खूश होत्या. फक्त शालूबाई इकडं तिकडं बघत होती. "माह्या सांबाराची चुंगडी कुठी आहे?" शोधाशोध झाली. चुंगडी गाडीतच होती, मागच्या कोपऱ्यात, ताडपत्रीखाली. गोंधळात उतरवायचीच राहिली होती. तोंड सोडलं तर आतला सांबार मान टाकून बसलेला. शालूबाई असं काही बोलली की किसनरावांनीसुद्धा दुसरीकडं पाहिलं. गोकुळनं निमूटपणे सगळी चुंगडी स्वतः विकत घेतली. त्यांच्या घरी पुढं कितीतरी दिवस सांबारवडी, सांबाराची चटणी, सांबार घातलेलं वरण. डिंपल म्हणते, अजूनही मला त्याचा वास आला की नको वाटतं.

संध्याकाळी गाडी परत निघाली तेव्हा इंद्रभानजी केबिनचं दार उघडून आत बसले. लेकीच्या घरी भाजी पोचवून, आपली कपड्यांची पिशवी घेऊन आले होते. गाडी घाटाला लागली. सकाळच्या ट्रकच्या जागी रस्त्यावर फक्त काचांचा चुरा आणि कापसाचे पुंजके पडलेले.

"भरलेली असली का जड जाते काय घाटात?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"जाते थोडी."

"दुसऱ्या गेरवर ठेवत जा."

इंद्रभानजींनी आयुष्यात बैलगाडीशिवाय काही हाकलं नव्हतं. गोकुळ म्हणाला, "हाव बाबा."

म्हातारा बदलला असं मात्र कुणी समजू नये. पारावर अजूनही ते म्हणतात, "पोरानं सोन्यासारखी नोकरी सोडली." त्यात पूर्वीसारखा कडवटपणा नाही, एवढंच. बुलढाण्याच्या बाजाराच्या दिवशी ते केबिनमध्ये बसून जातात. सांगतात लेकीला भेटायला चाललो, पण दुपारपर्यंत किसनरावांच्या आलूच्या ढिगामागं बसून आल्यागेल्याला हाका मारत असतात. लेकीकडे फक्त जेवायला जातात.

पूनमनं यंदा गाडीच्या मागच्या हौद्यावर पत्र्याचं छत करून घेतलं, उन्हात माल कोमेजू नये म्हणून. कोणत्या बाईचा माल आधी उतरतो, कोणता खाली ठेवायचा, हे सगळं आता तीच ठरवते आणि सकाळी देवळापाशी उभी राहून गाडी लावून घेते. वेळ झाली की ती मागच्या फळीवर दोनदा थाप मारते. शालूबाईची चुंगडी ती सगळ्यात शेवटी चढवते, दारालाच, दिसेल अशी.

त्रास नाहीच असं नाही. मध्यंतरी क्लच गेला, चार दिवस गाडी उभी होती. पावसाळ्यात भाजी कमी, गाडी अर्धी. कधी दोनच चुंगड्या घेऊन गोकुळ तेवढ्याच वेळेला निघतो. बाकीचे पिकअपवाले अजूनही त्याला हसतात, पण त्यातल्या एकानं मोताळ्याकडे जायची अशीच ठरलेली गाडी सुरू केली आहे. गोकुळनं त्याला कोणत्या बाया कुठं उभ्या राहतात ते स्वतः दाखवून दिलं.

मागच्या महिन्यात गणेश सुट्टीवर असताना रोहिणखेडला आला होता. मीही होतो. गोकुळच्या ओट्यावर आम्ही बसलो होतो. जेवण झालेलं, गोकुळ भिंतीला टेकलेला, पाय लांब केलेले. आतून डिंपलचा मोठ्यानं अभ्यास चाललेला ऐकू येत होता.

गणेशनं विचारलं, "खरं सांग भाऊ, पस्तावा होते काय?"

गोकुळनं डोळे मिटून घेतले. मला वाटलं, झोप लागली.

"होते," तो म्हणाला. "पगाराच्या दिवशी होते. डेपोतल्या कोनाचा तरी फोन येते, झाला म्हने पगार. तवा थोडं वाटते."

"मंग?"

"मंग काई नाई. दुसरा दिवस उगवते."

पूनम आतून पाणी घेऊन आली. तिनं ते ऐकलं होतं. "कोनत्या दिवशी वाटते म्हनता?" ती म्हणाली. "सांगत जा मले. त्या दिवशी भजे करत जाईन."

गणेश हसला, गोकुळही हसला, आणि मग सरळ आडवा होऊन त्यानं तोंडावर टॉवेल ओढून घेतला.